हन्नाबाईंनी न वापरलेला टोप

शनिवारी सकाळी अलिबागेत वीज गेली होती, इन्व्हर्टरनं आदल्या आठवड्यातच मान टाकली होती, आणि केसर म्हात्रे यांच्या टेबलावर लग्नाआधीच्या चौकशीच्या तीन फायली पडल्या होत्या. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठे जमलं होतं का. विमा कंपनीत वर्षानुवर्षं खोटे दावे पकडायचे, मग मोठ्या हौसेनं 'खाजगी तपास' अशी पाटी लावायची आणि शेवटी लोकांच्या जावयांचा वास घेत फिरायचं! केसरबाईंचं डोकं पंख्याशिवायच गरगरत होतं.

त्यांचा धाकटा दीर विनेश शेजारणीचा डबा घेऊन दाराबाहेर पडत होता. गाडी चालवणं, फोटो काढणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं ही या कार्यालयात त्याची कामं.

"कुठे निघालास?"

"काकूंचा डबा द्यायला, वहिनी. काल घावणे आले होते ना त्यातून."

"रिकामा?"

"घासलाय की स्वच्छ."

"चाळिशी आली तरी तुला शिकवायचंच! आण इकडे." केसरबाईंनी टोपलीतली चार लिंबं डब्यात टाकली आणि झाकण दाबलं.

तेवढ्यात फाटकाशी एक लांबलचक पांढरी गाडी थांबली. तिच्यातून लिननच्या सदऱ्यातला एक माणूस उतरला. मागच्या सीटवर हिरव्या लुगड्यातली एक बाई बसली होती, ती काही उतरेना.

माणसाचं नाव स्वराज. मुंबईचा. थळमधली बंद पडलेली भातगिरणी विकत घेऊन, चुना लावून त्यानं तिथे कलादालन काढलं होतं. "उद्या संध्याकाळी प्रदर्शनाचं उद्घाटन आहे," तो घाम पुसत म्हणाला. "याएल थळकर नावाची चित्रकार इस्रायलहून आलीये. तिच्या आजीची भांडी मांडलीत. त्यातली मुख्य वस्तू, एक पितळी टोप, चोरीला गेला. आज सकाळी कळलं. मला पोलीस नकोत, बोभाटा नको. सगळं गुपचूप हवंय."

"गुपचूप हवंय, तर गाडीत त्या कोण?"

स्वराजचा चेहरा पडला. उत्तर गाडीतूनच आलं.

"मी मनुबाई! थळच्या कोळीवाड्यातली. सकालची बाजारात मासली इकते नि दुपारची ह्याच्या गिरणीत झाडू मारते. आज ह्यो बाजारात आला, माझ्या पाटीसमोर उभा ऱ्हायला नि सगल्यांदेखत बोलला, टोप चोरलास तो मुकाट्यानं दे. बाजूच्या बाया ऐकत व्हत्या. गिऱ्हाईक ऐकत व्हतं. एक बाई हातातला पापलेट खाली ठेवून गेली! आता टोप गावला न्हाय तर मी उद्या कंचं तोंड घेऊन तिथं बसू? मंग मी पन गाडीत बसले. टोप गावल्याबिगर उतरायची न्हाय."

"चावी तिच्याकडे असते," स्वराज पुटपुटला.

"अजून कोणाकडे?"

"माझ्याकडे आणि याएलकडे. तीनच चाव्या. कुलूप फोडलेलं नाही."

"म्हणजे तिघांकडे चाव्या आणि तुम्ही बाजारात जाऊन ओरडलात ते झाडूवालीवर." केसरबाईंनी पर्स उचलली. "गाडी काढ, विनेश. आणि तुम्ही, साहेब, दिवे येईपर्यंत माझ्याशी वाद घालू नका. मी आधीच वैतागले आहे."

*

गिरणीत उंच छतापासून नायलॉनचे दोर सोडले होते आणि त्यांना भांडी टांगली होती. खवणी, शेवेचा सोऱ्या, करंजीचं कातणं, पिठाची चाळण. आपल्या घरात माळ्यावर पडलेलं सामान असं दिव्याखाली बघून विनेशला हसू आवरेना. केसरबाईंनी डोळे मोठे केले तेव्हा तो गप्प झाला.

मधोमध एक लाकडी चौथरा होता, रिकामा. त्याच्याशेजारी याएल उभी होती. पस्तिशीची, केस कापलेली, रात्रभर झोप नसल्यासारखी. तिचं मराठी स्वच्छ होतं पण जुनं. आजीनं शिकवलेलं.

"माझी आजी हन्नाबाई ह्याच थळची. आमचे लोक इथे तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली म्हणत. साठेक वर्षांमागे आजी-आजोबा आगबोटीनं इस्रायलला गेले, अश्दोदला राहिले; आजी अजून तिथेच असते. ही भांडी त्यांनी सोबत नेली. मी ती परत आणली, दाखवायला." ती कपाळ चोळत म्हणाली. "तिथे शाळेत मला सगळे भारतातली म्हणायचे. इथे रिक्षावाला विचारतो, मॅडम, कुठल्या देशाच्या? दोन्हीकडे पाहुणी! मला वाटलं, निदान ह्या भांड्यांपाशी तरी माझा पाय टेकेल. आणि त्यातलाच टोप गेला. वैताग आलाय मला."

चौथऱ्यावर तिनं लिहिलेला मजकूर चिकटवला होता. केसरबाईंनी तो मोठ्यानं वाचला. "आजीनं हा टोप अश्दोदला नेला. तिथे त्यात एकदाही काही शिजवलं नाही. वरच्या फळीवर ठेवला आणि दर शुक्रवारी पुसला. हा टोप म्हणजे परक्या देशात मुकी झालेली आमची चूल."

"फोटो आहे?"

याएलनं फोन पुढे केला. मोठा, जाड पितळी टोप. बूड काळंकुट्ट. आतली कल्हई झिजून पितळ पिवळं उघडं पडलेलं. काठाखाली समोरासमोर दोन भोकं.

"ही भोकं कसली?"

"आजी कधी बोलली नाही. मी पुस्तिकेत त्यांना स्थलांतराच्या जखमा म्हटलंय."

विनेशला ठसका लागला. केसरबाई खाली वाकल्या. चौथऱ्याच्या पायाशी लाल मुंग्यांची रांग लागली होती. त्यांच्यात साखरेचे दाणे.

"हाच पुरावा!" स्वराज म्हणाला. "आमच्या यंत्रातला चहा तयार साखरेचा असतो. इथे सुटी साखर येतेच कशी? हिनं घरून चहा आणला असणार, आणि टोप उचलताना..."

"साखर?" मनुबाई उसळली. ती गाडीतून उतरली होती, पण दारापुरतीच. "मना साखर झाल्ये, गोली चालू हाय! मी कोराच चा पिते, तोबी बिनसाखरेचा. ईचार कोलीवाड्यात कोनालाबी."

"काल झाडू कधी मारलात?" केसरबाईंनी विचारलं.

"दुपारी जेवन झाल्यावर. तवा टोप जाग्यावर व्हता."

"आणि मुंग्या?"

"मी झाडल्यावर मुंग्या कशाला ऱ्हातील?"

याएल शुक्रवारी सकाळीच दिवे आणायला मुंबईला गेली होती आणि काळोख पडल्यावर परतली होती. तिची चावी उतरल्या जागी, खोलीतच राहिली होती. स्वराज दिवसभर अलिबागेत पाहुण्यांच्या हॉटेलांच्या मागे होता. मनुबाई झाडून झाल्यावर काळोख पडेपर्यंत बंदरावर होती. शुक्रवारी दुपारनंतर गिरणीकडे कोणीच फिरकलं नव्हतं, असं तिघंही सांगत होती.

"कोणाला हवा होता हा टोप?"

"गुणाजीला," याएल लगेच म्हणाली. "जुनी भांडी विकतो तो. तीन वेळा मागायला आला होता."

*

रेवदंड्याच्या रस्त्यावर गुणाजीचं दुकान होतं. हॉटेलवाले दारात फुलं भरून ठेवायला त्याच्याकडून जुने हंडे नेत.

"मागितला, खोटं का बोलू? पण मी चोरी करीन तर एक टोप उचलून बाकीचं सोडीन होय?" गुणाजी खेकसला. "खवणीला आता टोपापेक्षा जास्त गिऱ्हाईक आहे. आणि मला पकडण्यापेक्षा त्या मनुबाईला विचारा. गेल्या साली घरातले दोन हंडे मला विकून गेली. सासू शिव्या घालत होती मागून."

गाडीत बसल्यावर विनेश उत्साहानं वळला. "वहिनी, झालं! पितळ विकायची सवयच आहे तिला."

"स्वतःचे हंडे विकणं आणि दुसऱ्याचा टोप चोरणं एकच का रे? तू तुझी स्कूटर विकलीस तेव्हा मी तुला चोर म्हटलं होतं?"

विनेशनं मुकाट गाडी सुरू केली.

याएल आणि तिचे वडील समुद्राकडच्या एका घरगुती निवासात उतरले होते. बेन्यामिन थळकर ओसरीवर बसले होते. सत्तरीकडे झुकलेले, डोक्यावर विणलेली छोटी टोपी.

"बसा. आज शब्बाथ आहे आमचा. मी फोन घेत नाही, चूल पेटवत नाही. मुलगी मात्र गाडीनं गावभर फिरते!" त्यांनी आत बघून मालकिणीला हाक दिली आणि पाहुण्यांसाठी चहा मागवला. चहा आला. विनेशला गोड कमी वाटला. त्यानं त्यांच्या खोलीच्या खिडकीत ठेवलेली, तोंडाला रबर लावलेली, निम्मी रिकामी साखरेची पिशवी पाहिली. "ह्यातली घेऊ का थोडी, काका?"

"घ्या, घ्या. सगळी घ्या. मी साखर कधीच सोडली."

"टोप गेला हे कळलं ना तुम्हाला?" केसरबाईंनी विचारलं.

"कळलं. सकाळपासून दार आपटत फिरते आहे ती." म्हातारा समुद्राकडे बघत राहिला. "मी विमानातच म्हटलं होतं, तो टोप मांडू नकोस. ऐकते कुठे! भांडं असतं स्वयंपाकघरातलं. त्याच्यावर दिवे कसले सोडायचे?"

"तुम्हाला आठवतं इथलं काही?"

"आठ वर्षांचा होतो. निघायच्या आदल्या दिवशी घरी मलिदा केला होता, नवसाचा. गोड पोहे, नारळ, फळं. अर्धा गाव जेवला. आमच्याकडे एवढे पोहे कुठले! आळीतल्या बायकांनी आणून दिले. पहाटे बैलगाडीत सामान टाकलं आणि गेलो." ते थांबले. "टोपाची एवढी काळजी करू नका. भांडं कुठे जातंय? असेल कुठल्या तरी चुलीपाशी."

"शुक्रवारी कुठे होतात?"

"पाय मोकळे करायला गेलो होतो. दिवस मावळायच्या आत परत आलो. शब्बाथ लागतो ना."

परतताना विनेश म्हणाला, "बिचारा म्हातारा. त्याला कशातच रस नाही."

केसरबाईंनी दोनदा पर्स उघडली, दोनदा बंद केली. त्यांना काहीतरी टोचत होतं आणि ते नेमकं हाताला लागत नव्हतं, म्हणून त्या विनेशवर गाडी हळू चालवतो म्हणून ओरडल्या.

*

मनुबाईचं म्हणणं एकच होतं. "माझं घर बघा. कोनाकोना बघा. ह्यालाबी संगती घ्या."

ह्याला म्हणजे स्वराजला. चौघं कोळीवाड्यात शिरले तेव्हा दारादारांत बायका उभ्या होत्या. मनुबाई ताठ मानेनं चालली होती, पण तिचा कान प्रत्येक दाराकडे होता.

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत खाटेवर तिची सासू रंगूबाई बसली होती. नव्वदीची, बोळकं तोंड, डोळे मात्र लखलखीत. विनेशनं फडताळ पाहिलं, पोटमाळा पाहिला. मग खाटेखाली वाकून त्यानं जाळ्याची एक गुंडाळी बाजूला सारली आणि तो तसाच वाकलेला राहिला.

"वहिनी."

त्यानं टोप बाहेर ओढला. काळं बूड, काठाखाली दोन भोकं.

"बघा! म्हटलं नव्हतं मी?" स्वराज ओरडला. बाहेरच्या बायका दाराशी गोळा झाल्या.

मनुबाई मटकन उंबऱ्यावर बसली. "आय... ह्यो कुठनं आला गो?"

"माझा हाय," रंगूबाई म्हणाली. "माझ्या घरचा. आला परत."

"लपवलास कशाला?"

"तू पितल इकतस म्हनून! दोन हंडे इकलंस, ह्योबी त्या गुन्याला घालशील."

"आजी, आणून कोणी दिला?" केसरबाईंनी जवळ जाऊन विचारलं.

म्हातारीनं त्यांना खालून वर न्याहाळलं. "तू पोलीस काय?"

"नाही."

"तरी न्हाय सांगत. पोर हाय तो. रडत व्हता इथं बसून. त्याच्यामागं कोनाला लावू?"

"पोर!" स्वराजनं फोन बाहेर काढला. "मनुबाईला मुलगा आहे. म्हणजे आईनं चावी दिली आणि मुलानं माल उचलला. आता पोलीसच."

"माझा पोर म्हैनाभर उरनला बोटीवर हाय!" मनुबाई किंचाळली. "त्याचं नाव घेशील तर... मी गरीब असन, चोर न्हाय! माझ्या पोराला यात वढू नको रं बाबा!" आणि ती सगळ्यांसमोर ढसाढसा रडायला लागली. दारातल्या दोघी-तिघी बायका मागे सरल्या, एकीनं पदर तोंडाला लावला. बाजारात उद्या काय बोललं जाणार हे केसरबाईंना तिथेच दिसलं आणि त्यांचा संताप अनावर झाला.

"फोन खिशात ठेवा!" त्यांनी टोप उचलून उजेडात धरला. आत, बुडाच्या कडेला, पांढरे दाणे चिकटलेले होते. त्यांनी एक बोटावर घेऊन जिभेला लावला. मग खाटेवरच्या म्हातारीकडे पाहिलं. ती पदराच्या गाठीतून काहीतरी काढून चघळत होती.

"काय खाताय, आजी?"

"साखर," रंगूबाई म्हणाली. "टोपातलीच."

केसरबाई हसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच. "दिवस मावळला की सगळे गिरणीत या. विनेश, तू बेन्यामिनकाकांना घेऊन ये. तारे दिसेपर्यंत शब्बाथ सुटत नाही, गाडीत बसणार नाहीत ते, चालत आण."

*

गिरणीत दिवे लागले. टोप चौथऱ्यावर होता. रंगूबाईला गाडीतून आणून खुर्चीत बसवलं होतं, मनुबाई तिच्यामागे उभी होती, रडून डोळे सुजलेली. बेन्यामिन सगळ्यांत शेवटी आले आणि रंगूबाईला तिथे पाहून दारातच थबकले.

"साखरेपासून सुरू करते," केसरबाई म्हणाल्या. "मनुबाईंनी काल दुपारी झाडलं तेव्हा मुंग्या नव्हत्या. म्हणजे साखर नंतर सांडली. मनुबाईंना साखर वर्ज्य. शिवाय झाडू ज्याच्या हातात, तो आपणच सांडलेलं तसंच टाकून जाईल? तेच दाणे टोपाच्या बुडाशी. म्हणजे साखर टोपात घातली, आणि ती इथेच, ह्या चौथऱ्यापाशी. मला सांगा, चोर चोरायच्या आधी भांडं भरतो का?"

केसरबाई विनेशकडे वळल्या.

"विनेश, सकाळी काकूंच्या डब्यात मी काय टाकलं?"

"लिंबं."

"का?"

"रिकामं भांडं परत..." विनेशचं तोंड उघडंच राहिलं. "अरेच्चा! परत करत होता?"

"परत करत होता. चोरी झालीच नाही. शेजारणीचं भांडं शेजारणीच्या घरी गेलं, आणि रीतीप्रमाणे भरलेलं गेलं."

"शेजारणीचं?" याएल पुढे आली. "हा माझ्या आजीचा टोप आहे."

"तुमच्या आजीनं त्यात एकदाही शिजवलं नाही, तुम्हीच लिहिलंय. मग बूड काळं कोणी केलं? कल्हई कोणी झिजवली? वर्षानुवर्षं रोज चुलीवर चढलेला टोप आहे हा. फक्त ती चूल तुमची नव्हे." केसरबाईंनी भोकांवर बोट ठेवलं. "आणि ह्या जखमा नाहीत. होडीवर जेवण शिजतं तेव्हा समुद्र हलवतो. टोप चुलीवरून घसरू नये म्हणून काठाला दोर ओवून बांधतात. कोळ्याच्या होडीवरचा टोप आहे हा. होडीवर काय शिजतं? कोलंबी, कुर्ल्या, माकुल. तुमच्या घरात खवले नसलेलं काही चालतं?"

याएलनं मान हलवली. "नाही. आजी तर हातसुद्धा लावत नाही."

"म्हणून तो फळीवर राहिला. शिजवायला चालत नव्हता आणि दुसऱ्याचा म्हणून टाकताही येत नव्हता. मलिद्याचे कोरडे पोहे त्यात आले असतील, त्याला हरकत नव्हती. पहाटेच्या घाईत सामानाबरोबर तोही गाडीत पडला."

बेन्यामिन भिंतीला टेकले.

"आता आणला कोणी? स्वराजसाहेबांच्या घरी डबे कागदाच्या पिशवीतून येतात, त्यांना भांडं परत करायची रीत ठाऊक असायचं कारण नाही. गुणाजीकडे चावी नाही. याएलची चावी खोलीत होती. त्याच खोलीच्या खिडकीत साखरेची निम्मी रिकामी पिशवी होती, साखर सोडलेल्या माणसाजवळ. तो माणूस शुक्रवारी पाय मोकळे करायला गेला आणि दिवस मावळायच्या आत परतला, कारण नंतर त्याला ओझं उचलायला चालत नाही. राहिला प्रश्न पोराचा. रंगूबाईंनी ज्याला शेवटचं आठ वर्षांचा असताना पाहिलं, तो सत्तरीचा झाला तरी त्यांच्या लेखी पोरच."

"बेन्या," रंगूबाई म्हणाली, "सांगून टाक रं."

बेन्यामिन पुढे आले. "आईनं सांगितलं होतं. अश्दोदला पेटी उघडली आणि हा टोप निघाला तेव्हा ती दिवसभर रडली. रंगूचं भांडं घेऊन पळालो आपण, म्हणाली. तिथून परत पाठवणार कसं? साठ वर्षं ती स्वतःला चोर समजत आली. म्हणून मी आलो. आज शब्बाथ सुटला की तिच्याशी फोनवर बोलून याएलला सगळं सांगणार होतो."

"मला का नाही सांगितलं तिनं?" याएलचा आवाज चिरकला.

"लाज वाटत होती. आणि तू विचारलंस कुठे? तू फोटो काढलेस."

याएल खाली बसली. तिनं दोरांना टांगलेल्या सामानाकडे पाहिलं. "मग आता काय दाखवू मी? काय उरलं माझं?"

"ते मला विचारू नका, मी भांडी शोधते," केसरबाई वैतागून म्हणाल्या. मग जरा मऊ झाल्या. "उरलं कसं नाही? शेजारणीचा टोप साठ वर्षं पुसत बसणारी आजी आहे तुमची. हे लिहा की."

"तुमच्या आयला साठ वर्सं लागली," मनुबाई बेन्यामिनना म्हणाली. "मी एका सकालीत चोर झाले. तुमाला ठावं तरी व्हतं का?"

"नाही हो," म्हातारा हात जोडून म्हणाला. "देवाशप्पथ नाही. कोणी मला सांगितलं असतं तर शब्बाथ मोडून बाजारात उभा राहिलो असतो."

स्वराजनं घसा साफ केला. "सॉरी हं, मनुबाई. गैरसमज झाला. विसरून जाऊ आपण."

"हितं नको." मनुबाईनं कमरेची चावी काढली आणि चौथऱ्यावर ठेवली. "बोललास बाजारात. तिथंच ये."

"उद्या उद्घाटन आहे, सकाळी मला..."

"मंग नको येव."

तिनं टोप काखेत घेतला, सासूला हात दिला आणि ती निघून गेली. तिला कोणी अडवलं नाही.

*

रविवारी सकाळी बाजार फुलला होता. मनुबाई आपल्या जागी बसली होती, पण तिच्या पाटीसमोर गिऱ्हाईक थांबत नव्हतं. बायका सरळ समोर बघत पुढे जात होत्या. केसरबाई मुद्दामच सुरमई घासाघीस करून घेत तिथे रेंगाळल्या, आणि विनेशला उगाच कोलंबी निवडायला लावलं.

स्वराज आला. चिखल चुकवत, पाटीपाटीला अंग चोरत. तो मनुबाईसमोर उभा राहिला आणि वाकून काहीतरी बोलला.

"ऐकू न्हाय आलं," मनुबाई म्हणाली. ती मासळी कापत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"माझी चूक झाली, म्हटलं."

"काल याच्यापरीस मोठ्यानं बोलला व्हतास."

शेजारच्या पाटीवरची सुचिता हातातलं काम सोडून वळली. तिच्या पलीकडचीही वळली. स्वराजनं इकडेतिकडे पाहिलं. पळायला वाट होती, पण तो पळाला नाही, एवढं त्याचं मानायला हवं.

"मनुबाईंनी चोरी केली नव्हती!" तो ओरडला. "टोप त्यांच्याच घरचा होता! मी खोटं बोललो, सगळ्यांसमोर, आणि मला माफ करा!"

पुढे निघालेल्या दोन बायका वळून मनुबाईच्या पाटीशी थांबल्या. मनुबाईचा कोयता थांबला होता. तिनं मनगटानं डोळे पुसले, नाक ओढलं, आणि पुन्हा मासा फळीवर घेतला.

"आलं ऐकू," ती म्हणाली. "आता बाजूला सरक. गिऱ्हाईक उभं हाय."